घरातला पहिला पदवीधर

अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या सीईटीचा, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आठवडाभरात तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर फलक झळकतात. ९९.९८, ९९.९१, ९९.८७. फोटो, पर्सेंटाइल आणि खाली ठळक अक्षरांत क्लासचं नाव. त्या फलकावर ज्यांचा फोटो कधीच येणार नाही, अशा मुलांबद्दल मला लिहायचं आहे. ज्याला ६५, ७२ किंवा ८१ पर्सेंटाइल आहेत आणि ज्याच्या घरात आजवर कुणीही पदवीपर्यंत पोहोचलेलं नाही, अशा मुलाला प्रवेश मिळण्याची शक्यता किती? तो कुठे मिळतो? आणि ते ठरवणारे आपले नियम न्यायाचे आहेत का? माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘घरातला पहिला पदवीधर’ ही गोष्ट महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेने वेगळी ओळखली पाहिजे, जातीच्या आरक्षणाला धक्का न लावता. शुल्कात तर ओळखलीच पाहिजे, पण शासकीय महाविद्यालयांतल्या काही जागांवरही.

आधी शक्यतेचं बोलू. पालक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, “सर, एवढ्या मार्कांत नंबर लागंल का?” लागतो. अभियांत्रिकीपुरतं बोलायचं तर महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षं जागा रिकाम्या राहत आल्या आहेत. खुल्या प्रवर्गाला बारावीच्या पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के आणि सीईटीत शून्याहून जास्त गुण एवढी पात्रता असली की कुठे ना कुठे जागा मिळतेच. मोजून मापून गुण असलेला मुलगा आज कॉलेजबाहेर राहत नाही. तो चुकीच्या कॉलेजात जातो. प्रयोगशाळेत यंत्रं आहेत पण ती चालवणारा माणूस नाही, निम्मे प्राध्यापक तासिकेवर, चौथ्या वर्षी कंपन्या फिरकत नाहीत आणि तरीही वर्षाचं शुल्क लाखाच्या घरात. दुसऱ्या बाजूला ज्या शासकीय महाविद्यालयांत शुल्क त्यामानाने कमी, शिक्षक कायमचे आणि नोकरीची वाट बरी, तिथल्या जागा बहुतेक त्याच मुलांना जातात ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या क्लासचे दोन-तीन लाख आधीच खर्च झालेले असतात. सरकारी पैशातून चालणारं स्वस्त आणि चांगलं शिक्षण त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या घरांना, आणि महागडं, सुमार शिक्षण शेतमजुराच्या मुलाला, असा हा उलटा हिशेब आहे.

हा हिशेब नवा नाही. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. रयतेच्या घामातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्याकडून तो येतो त्यांच्या मुलांच्या वाट्याला काहीच येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मधल्या काळात आपण पुष्कळ पुढे आलो. आरक्षण आलं, शिष्यवृत्त्या आल्या, गावोगावी ज्युनिअर कॉलेजं निघाली. त्यामुळे पहिल्या पिढीतली मुलं बारावीपर्यंत येऊन पोहोचली आहेत. पेच पडतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर.

आता गुण कमी का पडतात ते बघू, कारण ‘अभ्यास केला नसेल’ हे उत्तर फार सहज दिलं जातं. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत. म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रश्नामागे एक मिनिटसुद्धा नाही. प्रश्न वाचायचा, सूत्र आठवायचं, आकडेमोड करायची, पर्याय निवडायचा आणि पुढे जायचं, सगळं ५४ सेकंदांत. इतका वेग नुसत्या समजेतून येत नाही, तो सरावातून येतो. पन्नास-साठ मॉक टेस्ट दिलेल्या मुलाचा हात माउसवर आपोआप चालतो. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांनी संगणकावर दिलेली पहिली परीक्षा म्हणजे खुद्द सीईटी असते. पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचं, केंद्र शोधायचं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॉनिटरसमोर बसवलं की ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचं. त्याला न्यूटनचा दुसरा नियम येत असतो. त्याचा वेळ वेगळ्याच गोष्टींत जातो.

पर्सेंटाइल हा आकडा दुसऱ्याच्या तुलनेतला आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. ७२ पर्सेंटाइल म्हणजे ७२ टक्के गुण नव्हेत. शंभरातले सुमारे बहात्तर जण तुझ्याइतके किंवा तुझ्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मागे कोण आणि पुढे कोण हे ठरतं ते इतरांनी किती तयारी केली त्यावर. शहरातल्या ‘टायअप’ कॉलेजांत मुलगा नावाला पटावर असतो, दिवसभर क्लासमध्ये बसतो आणि प्रात्यक्षिकापुरता कॉलेजात उगवतो. अशी तयारी जितकी वाढते, तितके न बदललेल्या मुलाचे पर्सेंटाइल घसरतात. त्याचं ज्ञान मागच्या वर्षीच्या मुलाइतकंच असतं, तरी तो रांगेत मागे जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी नीट-पीजीतल्या, म्हणजे वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातल्या, ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात हे फार स्पष्टपणे सांगितलं आहे. खुल्या स्पर्धा परीक्षा फक्त औपचारिक समान संधी देतात, परीक्षेतल्या यशात घरचं शिक्षण, पैसा आणि सांस्कृतिक भांडवल यांचा वाटा असतो, म्हणून गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भातच पाहिलं पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायालयाने हे सांगून झालं. आपली प्रवेशाची संगणक प्रणाली मात्र अजून दशांशानंतरच्या सातव्या स्थळापर्यंत पर्सेंटाइल मोजते आणि ते मिळवणारा कुठून आला हे विचारात घेत नाही.

इथे हमखास विचारलं जातं, “पण आरक्षण आहे की!” आहे, आणि ते असलंच पाहिजे. जातीमुळे होणारा अन्याय हा स्वतंत्र अन्याय आहे; तो आई-बाप शिकले म्हणून संपत नाही. पण पहिली पिढी असणं हा आणखी एक वेगळा अडसर आहे, आणि तो प्रत्येक प्रवर्गाच्या आत असतो. ओबीसी प्रवर्गात शिक्षकाचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच यादीत उभे असतात. अनुसूचित जातीत बँक अधिकाऱ्याची मुलगी आणि ऊसतोड कामगाराची मुलगी एकाच यादीत. खुल्या प्रवर्गातही तेच. त्या याद्यांत शिकलेल्या घरातलं मूल साहजिकच वर राहतं.

कागदपत्रांचा प्रश्न तर मला सगळ्यात क्रूर वाटतो. आरक्षित जागेवर प्रवेश टिकवायचा तर जातवैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ओबीसी कुटुंबाकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, विमुक्त-भटक्यांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींकडे १९५० पूर्वीचा. हा पुरावा सहसा कुठे सापडतो? आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याच्याकडे उतारा आहे. ज्याचा आजोबा शाळेची पायरीच चढला नाही, त्याने मग तहसीलमध्ये कोतवाल बुकाची, गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची, नक्कल शोधत फिरायचं. पानं फाटलेली, काही मोडीत लिहिलेली, नावापुढे जात लिहिली असेल तर नशीब. म्हणजे पिढ्यान् पिढ्या शिक्षण नाकारलं गेल्याबद्दल जी भरपाई द्यायची, ती मिळवायला आजोबा शिकलेला असल्याचा कागद आणायचा. समितीत बसलेल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही, खोटे दाखले रोखायला काहीतरी चाळणी हवीच. पण या चाळणीत सर्वांत आधी अडकतो तो पहिल्या पिढीतला मुलगा, हे मी पाहत आलो आहे.

कागद जमले की विकल्प अर्ज, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची आणि शाखांची क्रमवार यादी. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीसाठी तीनशेपर्यंत विकल्प भरता येतात. ते कसे भरायचे हे ज्याच्या घरात कुणी सांगणारं आहे त्याला फार सोपं, आणि ज्याच्या घरात नाही त्याला झेरॉक्सच्या दुकानाचा आधार. मागे माझ्याकडे एक मुलगा आला, ८१ पर्सेंटाइल, ओबीसी, वडील टेम्पोवर चालक. त्याने दुकानातून भरून आणलेल्या अर्जाची प्रिंट माझ्यासमोर ठेवली. चारच ओळी होत्या. वर पहिल्या ओळीत पंचवीस किलोमीटरवरचं एक खासगी कॉलेज, कारण ‘तिथं गाडी डायरेक्ट जाते’. अर्जावरचा मोबाइल नंबर दुकानदाराचा, ई-मेलही त्याचाच, पासवर्ड त्याच्या वहीत. पहिल्याच फेरीत पहिला विकल्प मिळाला, आणि पहिला विकल्प मिळाला की तो प्रवेश आपोआप पक्का धरला जातो, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. मी त्याला मागच्या वर्षीची कटऑफची यादी उघडून दाखवली. शेजारच्या जिल्ह्यातल्या शासकीय महाविद्यालयात सिव्हिलची ओबीसीची जागा त्याच्याहून खालच्या पर्सेंटाइलला बंद झाली होती. तो बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, “सर, हे कॉलेज आपल्याला भरता येतं हेच माहीत नव्हतं.”

त्या मुलाचे गुण कमी नव्हते. त्याला जे कमी पडलं ते कुठल्याही परीक्षेत मोजलं जात नाही. म्हणून ‘मध्यम गुणांच्या मुलाची शक्यता किती’ या प्रश्नाला मी आता आकड्यात उत्तर देत नाही. शेजारी बसून यादी वाचणारा माणूस असेल तर ८१ ला शासकीय कॉलेज, नसेल तर ८१ ला दारातलं कॉलेज.

शुल्काच्या सवलती महाराष्ट्रात नाहीत असं मुळीच नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, स्वाधार आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क सरकारने पूर्ण माफ केलं. चांगला निर्णय. सरकारने ठरवलं तर एका शासन निर्णयात किती होऊ शकतं ते त्याने दाखवलं. पण या बहुतेक योजना उत्पन्नावर चालतात, आणि उत्पन्नाचा निकष एकटा कसा फसतो ते पाहायचं तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागांकडे पाहावं. प्रत्येक अभ्यासक्रमात पाच टक्के अधिकच्या जागा, शिक्षण शुल्क माफ, मुख्य अट: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. गरिबांसाठी केलेल्या या जागांचा कटऑफ त्याच कॉलेजच्या खुल्या प्रवर्गाच्याही वर जातो, हे कुणीही यादी काढून पडताळून पाहावं. आठ लाखांची मर्यादा एवढी रुंद आहे की तिच्यात मध्यमवर्ग अख्खा मावतो, आणि त्यातला सर्वांत तयारीचा मुलगा जागा घेऊन जातो. त्याने काही चूक केलेली नाही. निकषच असा आहे की ज्याच्यासाठी दार केलं तो दारापर्यंत येतच नाही.

तमिळनाडूने यावर वेगळा विचार केला. तिथे २०१० पासून अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना एकखिडकी समुपदेशनातून येणाऱ्या ‘पहिल्या पदवीधरा’ला शिक्षण शुल्कात सवलत मिळते. घरात त्याच्याआधी कुणी पदवीधर नाही असा दाखला महसूल खातं देतं. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला मिळतो तसाच तो तहसीलमधून मिळतो. पुढे २०२० मध्ये त्यांनी सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या. त्यासाठी न्या. कलैयरसन समितीने आधी अभ्यास केला होता. नीट आल्यानंतर सरकारी शाळांतून एमबीबीएसला जाणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. राखीव जागांच्या पहिल्याच वर्षी एमबीबीएस आणि दंतवैद्यक मिळून ती संख्या चारशेच्या आसपास गेली. २०२१ मध्ये हीच तरतूद अभियांत्रिकी, कृषी, विधी अशा अभ्यासक्रमांना लागू झाली आणि २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाची तरतूद वैध ठरवली. मुलांनी नीट दिलीच होती, पात्रता गाठलीच होती. फक्त त्यांची तुलना त्यांच्यासारख्याच मुलांशी झाली.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात तमिळनाडूचं उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण (कॉलेजच्या वयाच्या दर शंभर तरुणांमागे विद्यार्थी) ४७ आहे, महाराष्ट्राचं ३५.३, देशाचं २८.४. हा फरक एका योजनेमुळे पडला असं मी म्हणणार नाही. त्यामागे शाळेतल्या जेवणापासून आरक्षणाच्या जुन्या परंपरेपर्यंत पुष्कळ कारणं आहेत. पण जे राज्य पहिल्या पदवीधराला त्याच्या नावाने ओळखतं ते पुढे आहे, ही गोष्ट महाराष्ट्राने मनावर घ्यायला हवी.

कारण ही परंपरा आपली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली आणि १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव मिळून भागत नाही, त्याला शहरात राहायला छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्या राजाला तेव्हा कळलं होतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं आणि कष्ट करून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालं ते नोकरी करणाऱ्या मुलांना सकाळी शिकता यावं या सोयीसह, आणि १९५० मध्ये औरंगाबादला मराठवाड्यातल्या मुलांसाठी त्यांनी महाविद्यालय उभारलं. या सगळ्यांनी आधी मुलाची परिस्थिती पाहिली आणि तिला जुळेल असं कॉलेज बांधलं. आज आपण आधी रांग लावतो आणि रांगेत जो मागे राहील त्याला त्याचीच चूक समजावून सांगतो.

माझी मागणी काय आहे, ते आता नेमकं सांगतो. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत टीएफडब्ल्यूएससारख्याच पाच टक्के अधिकच्या जागा निर्माण कराव्यात, म्हणजे कुणाची आहे ती जागा जाणार नाही. त्या जागा ज्याच्या आई-वडिलांपैकी आणि मोठ्या भावंडांपैकी कुणीही पदवीधर नाही अशा मुलांना त्यांच्या त्यांच्या प्रवर्गात गुणानुक्रमे द्याव्यात. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिलंच आहे. घराचं पाठबळ नसणं हा निकष आपल्या व्यवस्थेला अगदीच अनोळखी नाही. आणि या मुलांना शुल्कमाफी द्यायची ती सुरुवातीलाच, कॉलेजने आधी पूर्ण पैसे भरून घ्यायचे आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्तीची रक्कम येईल तेव्हा परत करायचे, असं नव्हे. ज्या घरात एकरकमी चाळीस हजार रुपये कधी दिसलेच नाहीत त्या घराला ‘नंतर परत मिळतील’ याचा काही उपयोग नसतो. सावकार व्याज पहिल्या दिवसापासून लावतो.

खोटे दाखले निघतील, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण उत्पन्नाच्या दाखल्यांचं काय चालतं ते तालुक्यात राहणाऱ्याला ठाऊक असतं. पण पदवी लपवणं रोख उत्पन्न लपवण्याहून अवघड आहे. पदवी विद्यापीठाच्या नोंदीत असते. पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जात, नोकरीच्या सेवापुस्तकात, लग्नाच्या बायोडेटात माणसाने ती अभिमानाने लिहिलेली असते. खोटं प्रतिज्ञापत्र सापडलं तर प्रवेश रद्द, एवढी तरतूद पुरेशी आहे. पदवी असूनही आयुष्यभर रोजंदारी केलेल्या बापाचा मुलगा या निकषात बसणार नाही, हे खरं. त्याच्यासाठी उत्पन्नाच्या योजना आहेत. एका निकषाने सगळे अन्याय पुसले जावेत अशी अट घातली तर एकही पुसला जाणार नाही.

‘कमी गुणांचा मुलगा घेतला तर त्याला अभ्यासक्रम झेपणार का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांत माझे काही प्राध्यापक मित्र आहेत आणि ते मुलांचं वाईट चिंतणारे नाहीत. त्यांनी पाहिलेलं खरं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा पहिल्या सत्रात एम-वन (पहिलं गणित) आणि ग्राफिक्समध्ये केटी घेऊन, म्हणजे नापास होऊन, बसतो, काहींचं वाय.डी. होतं, म्हणजे वर्ष वाया जातं, आणि एखादा बॅग भरून गावी परततो. पण यावरचा उपाय आपल्याच देशात दशकानुदशकं चालू आहे. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांपैकी कटऑफला थोडे कमी पडणाऱ्यांना एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम देतात आणि तो उत्तीर्ण झाला की नियमित प्रवेश. देशातल्या सर्वांत कठीण प्रवेशाच्या संस्थांना जे जमतं ते आपल्या शासकीय महाविद्यालयांना का जमू नये? एक वर्षही नको. जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे गणित, इंग्रजी आणि संगणक, राहण्या-जेवणाच्या सोयीसह, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. पहिल्या सत्रात अडखळलेली मुलं तिसऱ्या-चौथ्या सत्रात वर्गाच्या बरोबरीला येतात, काही पुढे जातात, हेही त्याच मित्रांनी मला सांगितलं आहे. राजू केंद्रेंसारखा बुलढाण्यातल्या खेड्यातला मुलगा मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (‘टिस’) आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेला, आणि आता त्यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्याच मुलांना नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते. बारावीच्या आकड्यात हे सगळं कुणाला दिसलं असतं?

सीईटीच बंद करा, बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या, असंही काही जण सुचवतात. तमिळनाडूने २००६ मध्ये कायदा करून अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा बंद केली, ते उदाहरण दिलं जातं. मला ते महाराष्ट्रात आत्ता पटत नाही. बारावीच्या केंद्रांवर कॉपी कशी चालते आणि प्रात्यक्षिकाचे गुण कसे वाटले जातात ते मी आतून पाहतो. परीक्षा राहू द्या. तिचा निकाल वाचताना मूल कुठून आलं तेही वाचा, इतकंच.

हे नियम बदलतील तेव्हा बदलतील. या जूनमध्ये ज्याच्या हातात ७० पर्सेंटाइलचा कागद आहे त्याला माझं सांगणं असं. विकल्प अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरावर भर, दुकानदाराच्या नव्हे. मागच्या दोन वर्षांचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्या प्रवर्गाच्या कोडखालचा आकडा बघ. ‘मिळेल का’ या भीतीने क्रम लावू नकोस, हवं त्या क्रमाने लाव; वरचा विकल्प मिळाला नाही तर खालचा विकल्प गमावला जात नाही. शासकीय कॉलेजची कमी मागणीची शाखा ही दारातल्या कॉलेजच्या कम्प्युटरपेक्षा पुष्कळदा चांगली असते. आणि धाकटा भाऊ दहावीला असेल तर त्याच्यासाठी पॉलिटेक्निकचा विचार कर. तिथे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पुढे डिप्लोमाच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी न देता. पहिल्या पिढीतल्या मुलांसाठी हा रस्ता लांबचा वाटतो, पण त्यावर फलकवाल्या क्लासची गरज लागत नाही.

सरकारकडे मात्र एक मागणी या वर्षीच करता येईल, आणि तिला पैसा लागत नाही. सीईटी कक्ष दरवर्षी प्रवर्ग, लिंग, शाखा आणि महाविद्यालयानुसार शेकडो पानांच्या याद्या जाहीर करतो. त्यांत पहिल्या पिढीतले विद्यार्थी कुठेच वेगळे दिसत नाहीत. कोणत्या शासकीय महाविद्यालयात अशी किती मुलं पोहोचली, किती पहिल्या वर्षानंतर गळाली, खासगीत किती गेली, हे आकडे पुढच्या प्रवेशापासून महाविद्यालयवार प्रसिद्ध करावेत. अर्ज भरताना आई-वडिलांचं शिक्षण विचारायला एक ओळ पुरते. जागा किती द्यायच्या यावर मग विधिमंडळात वाद होऊ द्या.